हवापालट

ती. आईंना,

काल फोनवर तुम्ही पुन्हा म्हणालात, "सूनबाई, महिनाभर इकडे येऊन राहा. हवापालट झाला की पाळणा हलेल." मी बरं म्हटलं आणि भांडी घासायला घेतली.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांनाही तपासलंय. माझं सगळं ठीक आहे. कमतरता तुमच्या मुलात निघाली. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. "टोलनाक्यावर खिडकीत बसतो," तो म्हणाला. धूर हेही एक कारण असू शकतं, पण छातीठोक सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. खिडकी बंद ठेवता येईल का, असंही विचारलं. तो हसला. हात बाहेर काढल्याशिवाय पावती कशी देणार? "मला हवा खायचाच पगार मिळतो, मॅडम," म्हणाला. घरी येऊन मात्र बराच वेळ तोंड धूत राहिला. टॉवेल रोजच्यासारखाच काळा झाला.

आई, ही नोकरी तुम्ही मामांच्या हातापाया पडून मिळवून दिलीत. पोरगं उन्हातान्हात नको, सावलीत बसू दे, म्हणून. शेजारणींना अजून कौतुकाने सांगता. तो मला एवढंच म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस."

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. उद्या फोनवर सांगेन, येते. तुम्ही द्याल ते औषध मुकाट्याने घेईन. तुमच्याकडची हवा खरंच चांगली आहे.

तो येणार नाही. त्याला रजा नाही.

तुमची,
सून