शिंगाची आतली बाजू

१२ मार्च १९८९, रविवार

वाजलं नाही. चार वेळा फुंकलं, चारही वेळा फुस्स!

आज देवळात पंचांसमोर दाजींनी शिंग माझ्या हातात दिलं. (वडीलच, पण अख्खं गाव दाजी म्हणतं म्हणून आम्हीही दाजीच म्हणतो.) त्रेपन्न वर्षं गावदेवीच्या पालखीपुढे त्यांनीच फुंकलं. पावसाळ्यात पुढचे चारही दात गेले, आता ओठ पितळेवर ठरत नाहीत. म्हणाले, "औंदापासून महिपती." एवढंच. दाजींचं भाषण एवढंच असतं.

मग मी फुंकलं आणि कोंबडी फुरफुरल्यासारखा आवाज आला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चुलतभाऊ हैबतराव मिशीतल्या मिशीत हसला — त्याला बरंच वाटलं असणार. लगेच उठून म्हणाला, "पालखीपत्तूर वाजव. नाय वाजलं तर मान आमच्या घरात. देवीला मुकी पालखी चालायची नाय." पंचांनी माना डोलावल्या. त्यांना काय, मान डोलवायला फुंक लागत नाही!

पालखी पाडव्यानंतरच्या रविवारी. नऊ एप्रिल.

१३ मार्च

काखेत कळसा नि गावाला वळसा! हे मला रात्रीच सुचायला हवं होतं.

एकोणीस वर्षं रोह्याच्या शेडमध्ये मी दुसऱ्यांच्या नळ्यांची पोटं साफ करतो. धाटावच्या कंपन्यांच्या स्टीलच्या नळ्या, वाकडे एल्बो, झाकणाची भांडी. बाहेरून घासायला कुणालाही येतं. आत, जिथं बोट जात नाही तिथं, आम्ही मधोमध सळई घालतो, नळी ॲसिडच्या टाकीत बुडवतो आणि करंट सोडतो. सळई नळीला कुठं टेकता कामा नये, एवढी काळजी घ्यायची. अर्ध्या तासात आतून आरसा. आणि माझ्याच घरचं शिंग आतून काळंठिक्कर!

मुखातून डोकावून बघितलं. हिरवट-काळी खपली. म्हणूनच वाजत नाही. दुसरं काय असणार?

१४ मार्च

दाजी नाही म्हणतात. शिंगाच्या पोटात आंबट ताकाशिवाय काही घालायचं नाही, अशी रीत. पालखीच्या आदल्या दिवशी ताकानं विसळायचं, उन्हात ठेवायचं, झालं. "माझ्या बापानं त्याच्या पोटात करंट घालून वाजवलं होतं काय रं?"

मी म्हटलं, दाजी, ताकानं खपली निघत नाही. ते म्हणाले, "मग मी इतकी वर्षं काय वाजवलं?"

तरी मीच जिंकलो, कारण ते अंगणात निघून गेले आणि मी गोणपाट शोधायला लागलो.

१६ मार्च

शिंग गोणपाटात गुंडाळून एस.टी.नं नेलं. कंडक्टर म्हणाला, बंदूक आहे काय? शेठनी परवानगी दिली — शनिवारी काम सुटल्यावर, सोड्याच्या छोट्या टाकीत.

टाकीवर माझ्याबरोबर पोपट आणि काळुराम. दोघांनीही फुंकून बघितलं. पोपट तर कबड्डीतला, छाती अशी! त्याचंही फुस्स. काळुरामला फुंकताना ठसकाच लागला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिघांचंही फुस्स, म्हणजे दोष शिंगाचाच!

चहावाली बायजा शेडच्या दारात चूल मांडून बसते. तिनं कप ठेवता ठेवता शिंगाला हात घातला, "बघू गो माय, हाय तरी कसं." पोपट खेकसला, "ए, बाईमाणसानं शिंगाला हात लावू नये!" ती म्हणाली, "बरं बाबा, च्या तरी माज्या हातचा घ्याल ना?"

१८ मार्च

काय केलं हे मी! लिहायलाही हात धजत नाही.

शिंगाचे दोन तुकडे असतात, मध्ये जोड. दोन्ही सुटे केले. वाकणाला साजेशी सळई वाकवली, तिला जागोजागी नायलॉनची दोरी गुंडाळली. सोड्याचं पाणी ऊन केलं. सगळं देवासारखं मांडलं. आणि प्लसची वायर शिंगाला लावली.

स्टीलच्या नळीला ॲसिडमध्ये प्लसच लागते. तिथं धातूचा वरचा थर थोडा खायचाच असतो, म्हणून तर चकाकी येते. पण पितळेचा नुसता मळ काढायचा तर शिंगाला मायनस लावायची, बुडबुडे मळ उचलून फेकतात. हे मी नव्या माणसांना शिकवतो. मी! पण एकोणीस वर्षांची हाताची सवय. हात गेला तो प्लसवरच.

सात मिनिटांनी लक्षात आलं. काढलं तर आत गुलाबी-गुलाबी डाग, कुत्र्याच्या जिभेसारखे. वायरी बदलून पुन्हा तासभर ठेवलं. मळ झडून गेला, आत लख्ख झालं, पण डाग तसेच. काळुराम खोकत खोकत म्हणाला, "काय नाय होत दादा." त्याला काय ठाऊक हे किती जुनं आहे.

१९ मार्च

फुंकलं. फुस्स.

आधी मळानं वाजत नव्हतं. आता मी पत्रा खाल्ला म्हणून वाजत नाही? का अजून कुठं मळ आहे? का भोक पडलंय? डोकं चालत नाही. दाजींनी विचारलं, "झालं काय साफ?" मी झालं म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण खोटंच होतं.

२१ मार्च

पाण्यात बुडवून बघितलं. बुडबुडा कुठंच नाही.

२५ मार्च

अर्धी रजा टाकून पेणला गेलो, जुन्या तांबटाकडे. त्यानं शिंग उन्हात धरलं, बोटानं टिचक्या मारल्या, मुखात जीभ लावून चव घेतली! म्हणाला, "थोडा पत्रा चाटलाय आतून. पण भोक नाही, जोड घट्ट. वाजायला पाहिजे." मी म्हटलं, तुम्ही वाजवून दाखवा. तर हात जोडून म्हणाला, "मी घडवणारा, देवीपुढं वाजवणारे तुम्ही." बरोबरच आहे म्हणा.

वाजायला पाहिजे. मग का नाही वाजत?

२८ मार्च

सकाळ-संध्याकाळ सराव. म्हशी दावं तोडायला बघतात. गिरजाबाई — आमच्या सौ. — आज चुलीपासून ओरडली, "आदी तुमचा खोकला बरा करा, मंग शिंग वाजवा. देवळाच्या बावीस पायऱ्या चढताना दोनदा बसता!" मी म्हटलं, बिडी सोडलीय ना सहा वर्षांपूर्वी? ती म्हणाली, "तेच तर म्हंते. सोडली, तरी खोकला हायच." बायकांना सगळ्यात आपलं घुसवायचं असतं.

टाकीवरचा वाफ ओढणारा पंखा गेल्या गणपतीपासून बंद. शेठ म्हणतात, मोटर यायचीय. आज वाफेनं डोळे फार चुरचुरले. लिहिणं पुरे.

३१ मार्च

दाजींना सगळं सांगून टाकावं का? दाजी म्हातारे झालेत. त्यांना वाटतंय, मुलगा अजून शिकतोय. मुलानं शिंगाचं पोट खाल्लंय हे कळलं तर? छातीत नुसतं दडपून येतं.

२ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते मला कळलेलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

दाजींनीच खारेपाटातून पुंडलिकला बोलावलं होतं. मिठागरावरचा माणूस, साठीचा, त्यांच्या गावच्या देवाचं शिंग तो वाजवतो. मला शिकवायला आला. अंगणात निम्मं गाव. हैबतरावही हजर, तो कशाला चुकतोय!

पुंडलिकनं शिंग घेतलं, मुख पुसलं, फुंकलं.

देवा! गडबच्या हमरस्त्यापर्यंत गेला असेल आवाज. झाडावरचे बगळे उठले. दाजींच्या डोळ्यांत पाणी. ते म्हणाले, "आधीपरास मोकळं झालंय." मला एकदम रडूच आलं. तिथल्या तिथं सगळं सांगितलं, प्लस, मायनस, सात मिनिटं, गुलाबी डाग. दाजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यासाठी पंधरा दिवस तोंड चोरत होतास?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

पुंडलिक म्हणाला, "शिंगाला काय जालं नाय. फुंक बरं तू."

मी फुंकलं. फुस्स.

त्यानं ओठ कसे धरायचे ते दाखवलं. तसेच धरले. फुस्स. त्यानं माझ्या बरगडीवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "तुजा दम कुटं गेला रं? मीठ ओढतो मी साठीत. तू तर पोरगा हायस माज्यापुढं."

तेवढ्यात हैबतरावनं शिंग ओढून घेतलं. जन्मात कधी फुंकलेलं नाही, गडबला दुकानात बसून दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढतो. वाजलं! वेडंवाकडं, रेड्यासारखं, पण वाजलं!

दाजी उठून घरात गेले.

३ एप्रिल

पंचांचा निरोप आला. यंदा हैबतराव. दाजी म्हणाले, "देवीला आवाज पायजे, घर कुठलं का असंना." आणि जेवले नाहीत.

माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. शिंग धड आहे. पुंडलिकचं वाजतं. बिड्या ओढणाऱ्या हैबतरावचं वाजतं! माझं नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा. ओठ बरोबर, दात सगळे जागेवर. मग?

आणि मघाशी ताटावर बसलो असताना एकदम आठवलं. सोळा तारखेला पोपटचंही वाजलं नव्हतं. काळुरामचंही नाही. तेव्हा मी खूश झालो होतो.

ताट सरकवून उठलो. गिरजाबाईनं विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

४ एप्रिल

पालखीपर्यंत शिंग आमच्याच घरात आहे, म्हणून दाजींकडे ते एका दिवसासाठी मागितलं. "आता आणि काय करणार त्याला?" म्हणाले. मी म्हटलं, त्याला काहीच नाही करायचं दाजी.

५ एप्रिल

शिंग शेडवर नेलं. पोपटला दिलं — नाही. काळुराम — नाही. दुसऱ्या पाळीचे दोघे आले, त्यांनाही दिलं — नाही, आणि नाही. मी पुन्हा एकदा फुंकलं. मग बाहेर जाऊन बायजाच्या हातात दिलं. ती घाबरली, हात पदराला पुसले, म्हणाली, "चुलीच्या फुंकणीवानीच ना?"

वाजलं. टाकीवरची आम्ही पाचही माणसं दारात उभी होतो. काळुरामला परत ठसका लागला, आणि आम्ही सगळ्यांनी मागं वळून टाकीवरच्या त्या बंद पंख्याकडं बघितलं.