अप्पांचं बारावं पुण्यस्मरण

मसुरे,
फेब्रुवारी १९८४

प्रिय भाई,

अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं तरी पाकीट फेकू नकोस, आणि उभा असशील तर आधी बस. मी लीला, तुझी बहीण. शाळेत मराठी शिकवते आणि दिवाळी अंकांत लोकांची टिंगल करते. त्यामुळे गावात मला आमंत्रणं कमी आणि नमस्कार जास्त मिळतात.

जिल्हा वेगळा झाल्यापासून इथे ज्याला त्याला इतिहास हवा झालाय. शाळेच्या स्मरणिकेसाठी तालुक्यातल्या जुन्या मंडळींची माहिती जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून शनिवारी दुपारी एस.टी.ने मालवणला जाते आणि वाचनालयातले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसते. निधनवार्ता वाचून वाचून एक शोध लागला. आपल्या तालुक्यात वाईट माणूस कधी मेलेलाच नाही! सगळे मनमिळाऊ, सगळे दानशूर, सगळ्यांच्या जाण्याने पोकळी. मग वाईट गेले कुठे? बहुतेक अजून हयात असावेत.

गेल्या शनिवारी मुंबईच्या एका दैनिकाचा अठ्ठ्याहत्तर सालचा गठ्ठा हाती आला. पान उलटलं आणि समोर अप्पा. काळी टोपी, मिशी, आणि खाली 'बारावे पुण्यस्मरण'. शोकाकुल म्हणून तुझं नाव, सून, नातवंडे, जबलपूरच्या कारखान्याचा पत्ता. फोटो कुठला ते लगेच कळलं. घर सोडताना भिंतीवरची तसबीर नेलीस, तीच. त्यातून मला कापून काढलंस, पण अप्पांच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली. पुढच्या सालांचे गठ्ठे काढले. तेरावं, चौदावं... दरवर्षी माझी बोटं हजर.

भाई, त्याच शनिवारी सकाळी, निघण्याआधी, अप्पा माझ्याशी भांडले होते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली म्हणून.

होय. आहेत.

सहासष्ट सालची अप्पांची निधनवार्ता तुला कुणीतरी दाखवली असणार. अप्पा आंब्याखाली उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर कावळा बसला. रीत तुला ठाऊक आहे, मेल्याची खोटी खबर धाडायची. आपलं माणूस रडलं की अरिष्ट टळतं. आई आधीच गेलेली, मी घरातच, मला फसवता येईना. म्हणून भिकाजीकाकांनी सावंतवाडीला काशीबाई आत्याला कार्ड टाकलं. आत्या इतकी मनापासून रडली, की शेजारच्या वार्ताहराने बातमीच पाठवून दिली. पुढच्या अंकात खुलासा आला, काजूबियांच्या जाहिरातीखाली. तो तुझ्यापर्यंत पोचला नाही, हे मला आज कळतंय.

तेव्हा आम्ही भलतंच समजलो. बातमी वाचून सगळा गोतावळा धावत आला, अप्पांना ओटीवर विडी ओढताना बघून शिव्या घालत जेवून गेला. तूच आला नाहीस. एस.टी.चा आवाज आला की अप्पा मान वर करायचे. काही दिवसांनी म्हणाले, "मी मेलंय तरी इलो नाय." त्यानंतर घरात तुझं नाव बंद. तुझ्या लग्नावरून भांडताना "माज्या मड्याकसुदीक येव नको" असं त्यांनीच तुला बजावलं होतं, पण ते त्यांना सांगणार कोण? आणि तू! जन्मात बापाची एकच गोष्ट ऐकलीस, तीही नेमकी ही.

तिकडे दर म्हाळाला तू त्यांच्या नावाने कावळ्याला वाडी ठेवत असशील. कावळा शिवत नसेल, आणि तुला वाटत असेल, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही. अरे, म्हातारा इथे पेज जेवत होता. राग गेला नव्हता, हे मात्र खरं.

ते पान मी मागून घरी आणलं आणि काल अप्पांच्या हातात दिलं. आता त्यांना ओटीवरून खळ्यात उतरायलाही माझा खांदा लागतो. चष्मा पुसून पुसून त्यांनी वाचलं. "दरवर्सा घालता?" एवढंच विचारलं. विडी विझली तरी बोटांत तशीच होती. आज सकाळी मात्र मला समोर बसवून कागद घ्यायला लावला. वरचा सगळा मजकूर माझा, त्यांचा निरोप एवढाच: "त्येका लिही, मड्याक येव नको म्हटलेलंय. जितो आसंय तवसर येव नको, असा कधी म्हटलंय?"

तुझीच,
लीला
(खांद्यावरच्या चार बोटांसकट)