बाबांच्या कॉम्प्युटरला 'हो' म्हणू नकोस

दादा,

मी कामावर निघालेय, संध्याकाळी येईन. बाबांच्या कॉम्प्युटरने 'अपग्रेड करू का' असं विचारलं की गुपचूप 'नंतर' दाब. मागच्या खेपेला तू शहाणपणा करून 'हो' दाबलंस. स्क्रीनवरचं सगळं जागचं हललं, त्यांचा पत्त्यांचा खेळ सापडेना, तेव्हा "हे आपलं घर नाही" म्हणत बाबा चपला घालून निघाले. पार चौकात सापडले.

आई कुठेय, असं विचारतील. ती गेली हे सांगू नकोस. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात. "येईल थोड्या वेळानं," एवढंच म्हण.

आणि खुर्चीवरची तिची शाल घडी करून कपाटात ठेवू नकोस. तू आवरून निघून जातोस. शाल दिसली नाही की बाबा तिला शोधायला बाहेर पडतात, आणि बाबांना शोधत मी फिरते.

— धाकटी