साक्षीतला ‘नंतर’चा भाग

४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळ.

...त्या सकाळीही आधी चुलीतली राखच काढली होती. मग कोळसा आत आणला, गाय पिळली, दूध गाळलं, चहाचं आधण ठेवलं. हे अंथरुणातूनच म्हणाले, आज दूध उशिरा. मी म्हटलं, गाय तुमच्यावर गेलीय, तिलाही उठायचा कंटाळा. हे हसले. मी चहा घेऊन आत गेले तोवर हे गेलेले होते.

साक्ष इथूनच सुरू करायची. ठरलं.

पास्टर जोल्दोश म्हणतात, साक्षीचे भाग तीन. आधी मी कशी होते, मग प्रभू कसा भेटला, नंतर काय बदललं. पास्टर पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे, त्यामुळे सगळं तीन गिअरमध्ये सांगतात. तिसरा गिअर महत्त्वाचा, म्हणाले. “‘आधी’ सगळ्यांकडेच असतं, सैराबाई. लोकांना ‘नंतर’ ऐकायचं असतं.”

माझं ‘नंतर’ तयार आहे : त्या दिवसापासून मी रडले नाही.

कलीपा वन्संना त्यांचा मुलगा एकोणीस तारखेला बिश्केकला, शहरात नेणार. कायमचं. यांची थोरली बहीण, आणि गावात माझं म्हणावं असं दुसरं कोणी नाही. त्याआधी त्यांना साक्ष सांगायची, त्या विश्वास ठेवतील, मग गेल्या तरी माझ्यापासून जाणार नाहीत. वेळ भरपूर आहे.

गल्लीत सगळ्यांचं तेल तापलंय. शुक्रवार. खिडकी लावून घेतली. धुराने डोळ्यांना पाणी येतं.

६ ऑक्टोबर, रविवार.

उपासनेत पास्टर म्हणाले, आज सैराबाई साक्ष देतील. मी उठलेसुद्धा. मग सांगितलं, ती वन्संसाठी राखून ठेवलीय, इथे सांगितली तर शिळी होईल. पास्टर म्हणाले, साक्ष म्हणजे पाव नव्हे. मंडळी हसली. मंडळी म्हणजे आम्ही सात बायका आणि दारातल्या बुटांवर झोपणारं पास्टरांचं कुत्रं.

मी लगेच खाली बसले ते थंडीमुळे. पास्टर कोळसा फार जपून जाळतात.

निश्चय : रोज सराव.

८ ऑक्टोबर. संध्याकाळ.

गाय पिळताना सराव केला. ‘आधी’ उत्तम झालं. ‘भेट’ही. भेट मला तोंडपाठ आहे, कारण ती झालीच तशी. हे गेल्यावरचा दुसरा हिवाळा. भर दुपार, बाहेर बर्फ. तालुक्याच्या एका बाईने दिलेलं शुभवर्तमान यांचा चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होते. शाळा मला मेंढरांनी पुरी करू दिली नाही, वाचायला मी भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवरून शिकले. रडणाऱ्यांचं सांत्वन होईल, अशा एका ओळीपाशी आले. आणि चुलीजवळ कोणीतरी येऊन बसलं. दिसलं नाही. पण खोलीत आपण एकटे नाही हे माणसाला कळतं. मी भिंतीला टेकले आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले. उठले तेव्हा चूल विझली होती, पण मला थंडी वाजत नव्हती.

याच्यात एक शब्द वाढवलेला नाही.

‘नंतर’ला सुरुवात केली आणि गाय बादलीला लाथ मारून निघून गेली. जनावरच ते.

९ ऑक्टोबर.

शेजारचे असानाली आजोबा फावडं मागायला आले. संधी! ‘आधी’ सांगितलं. बादली, चहा, सगळं. आजोबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, धरला मासा. तर म्हणाले, “माझा काळा घोडा असाच गेला. सकाळी गवत खाल्लं, दुपारी आडवा.” मग घोड्याचंच चाललं. म्हातारी गेली तेव्हा एवढा रडलो नव्हतो, हेही सांगितलं, पण ते कोणाला बोलू नकोस म्हणाले.

‘भेट’पर्यंत पोचलेच नाही. तरी बी पेरलं गेलं. फावडं परत आलेलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज वन्संकडे गेले. स्वतः होऊन, मानापमान बाजूला ठेवून.

त्या अंगणात कणकेच्या तुकड्यांचे बोरसोक तळत होत्या. मला बघून झारा थांबवला नाही. म्हणाल्या, “ये. वास घ्यायला आलीस? तुझ्या घरात तर तो मिळत नाही.”

मी बाप्तिस्मा घेतल्यापासून शुक्रवारी तेल तापवत नाही. तापल्या तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, त्यावर त्यांचं पोट भरतं, असं सगळे मानतात. मी मानत नाही. मी पास्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले होते, गरज नाही. मी ते ‘करायचं नाही’ असं घेतलं, म्हणजे भानगडच नको.

“वन्सं, मला तुम्हाला काही सांगायचंय,” मी म्हटलं.

“आधी मी सांगते. हा घाणा आईचा. हा बाबांचा. आणि हा एसेनकुलचा. तुझ्या नवऱ्याचा. तुझ्या दाराशी येऊन उपाशी परत जात असेल बिचारा, म्हणून मी इकडे बोलावून घेतला. आता मी बिश्केकला पाचव्या मजल्यावर. तिथं सूनबाई म्हणते, तळण नको, पडद्यांना वास लागतो. मग माझ्या भावाने जायचं कुठे? सांग. तुझ्या पुस्तकात बघून सांग.”

मी ‘आधी’ सुरू केलं. वन्सं म्हणाल्या, “ती सकाळ मला नको सांगूस. त्याला शेवटचा धुतला तेव्हा अंगणात मीच बसले होते.” आणि माझा वाडगा चहाने काठोकाठ भरला.

काठोकाठ. घोट घोट ओतून बसवून घेणाऱ्या बाईने वाडगा भरला, की आता ऊठ, याहून स्पष्ट आमच्याकडे कोणी बोलत नाही.

पण दूध भरपूर घातलं होतं. राग असता तर घातलं असतं का? एकूण भेट चांगली झाली.

परतताना वारा होता. डोळ्यांत गेला.

१४ ऑक्टोबर.

बाजाराला जाताना मिनीबसमध्ये साक्ष दिली. सगळ्या गाडीला एकदमच, म्हटलं एकेकाला कुठे धरत बसायचं. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला. मीही आवाज मोठा केला. मागून एक बाई म्हणाली, “आजी, कोणाचं लग्न आहे का?” ‘भेट’च्या ऐन मध्यात घाट लागला आणि एका पोराला उलटी झाली. पिशवी माझीच दिली. सेवा हीही साक्षच.

‘नंतर’ राहिलं. दर वेळी तेच राहतं. लोकांना धीर नाही.

१५ ऑक्टोबर.

असानाली आजोबांबरोबर वन्संना निरोप पाठवला, जायच्या आधी चहाला या. आजोबा उत्तर घेऊन आले : गुरुवारी येते, भावजय म्हणून बोलावत असेल तर. प्रवचन करणार असेल तर आत्ताच सांग, गुडघे दुखतात.

येणार! निश्चय : रडायचं नाही. चहा घोटभरच ओतायचा, म्हणजे त्या बसतील. पूर्ण साक्ष, तिन्ही भाग.

कांदे चिरले. त्यामुळे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळ.

वन्सं आल्या. मी वाडगे मांडले. तीन मांडले गेले. सवय. वन्संनी तिसऱ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “वन्सं, जाण्याआधी एवढं ऐका.”

“बोल. गाडी परवा आहे.”

मी सांगितलं. ‘आधी’ फार बोलले नाही, त्यांना माहीतच होतं. ‘भेट’ सांगितली. बर्फ, चष्मा, बोटाखालची ओळ, चुलीजवळ येऊन बसलेलं कोणीतरी. वन्सं एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. टोमणा नाही, उसासा नाही. वाडगा मांडीवर तसाच. इतकं नीट माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, गायीनेसुद्धा.

मी थांबले. त्या म्हणाल्या, “मग? नंतर काय झालं?”

हाच प्रश्न हवा होता. किती दिवस त्याचीच तयारी.

मी तोंड उघडलं. ‘त्या दिवसापासून मी रडले नाही.’ पाच शब्द. समोर तिसरा वाडगा. वन्संचा चेहरा असा, की यांचंच नाक, यांच्याच भुवया, आणि त्या खरंच ऐकायला थांबल्या होत्या. हसण्यासाठी नव्हे. पाचव्या मजल्यावर बरोबर न्यायला काहीतरी हवं असावं, तसं.



मी म्हटलं, “नंतर... नंतर मी सकाळी राख काढली.”

“आणि?”

“गाय पिळली.”

वन्संनी हळूच विचारलं, “तो जो आला होता, चुलीजवळ. परत आला?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“तसा नाही. आहे म्हणतात. मीही म्हणते. मी बसते रोज तिथे.”

“म्हणजे तुला आता दोघांची वाट बघायची,” वन्सं म्हणाल्या. “मला वाटलं होतं, तुला खरंच काही सापडलंय. तसं असतं तर मी घेतलं असतं गं, सैरा. शपथ.”

मग कांदे नाही, वारा नाही, धूर नाही. त्यांच्या समोरच.

वन्संनी मला जवळ घेतलं नाही, त्या तशा नाहीत. मी पुन्हा घोटभर ओतला, पुन्हा ओतला, किटली संपत आली. शेवटी त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःचा वाडगा स्वतःच काठोकाठ भरला. “तू तर भरणार नाहीस,” म्हणाल्या. “कोणीतरी भरायला हवा.” उभ्याउभ्या प्यायल्या.

दाराशी त्यांची काळी कढई होती. येताना आणलेली, मला दिसलीच नव्हती. म्हणाल्या, “ही तिथे चालणार नाही. तुला नको असेल तर कोंबड्यांना पाणी घाल तिच्यात.”

१९ ऑक्टोबर, शनिवार.

वन्संची गाडी सकाळीच गेली. काचेतून त्यांनी हात केला, की काच पुसली, नीट कळलं नाही.

उद्या उपासना. पास्टर विचारतील, साक्ष दिली का. दिली म्हणेन. दोन भाग खरे आहेत.

कालचं, शुक्रवारचं, लिहायचं राहिलं. काल मी राख काढली, गाय पिळली, पीठ मळलं, आणि वन्संच्या कढईत यांच्यासाठी बोरसोक तळले.