तंबूमागचे सात फगे

३ फेब्रुवारी, शनिवार

आज दिवाणियात, पुरुषांच्या रोजच्या बैठकीत, बोललो. तेवीस माणसं चहा पीत बसली होती आणि एकालाही कशाची चीड नव्हती, म्हणून बोललो. फगा ही जमिनीखालची अळंबी. वाळवंट ती वर्षातून एकदा देतं. ती बाजारातून विकत आणायची, पाहुण्याच्या भातावर ठेवायची आणि 'आमच्या तंबूमागे उगवली' म्हणायचं — ही चोरी आहे. जो समाज आपल्या जमिनीपुढे कंबर वाकवत नाही, तो उद्या कोणापुढेही वाकेल! इतिहासातले चार दाखले दिले. कोणी हललं नाही.

मग अबू मुतलक म्हणाला — दिवाणिया त्याची, म्हणून शेवटचा शब्दही त्याचाच — "मास्तर, तुम्ही स्वतः शेवटचा फगा कधी काढलात?"

शपथ घेतली. सोळा तारखेच्या शुक्रवारी सगळ्यांना माझ्या तंबूत जेवण, फगे मी काढलेले. नाहीतर वर्षभर या दिवाणियात तोंड उघडणार नाही.

तेव्हा सगळे हलले. दोघांनी तारीख लिहून घेतली.

५ फेब्रुवारी

वाळवंटात हिवाळ्याचा तंबू ठोकला. शेजारी अबू मुतलकचा — झुंबर, दोन फ्रीज, हातभर जाड गालिचे. मौदी म्हणाली, "हा घर सोडून आलाय की घर घेऊन?" बायकोशी क्वचित एकमत होतं. आज झालं.

यंदा ऑक्टोबरात ढग गडगडलेच नाहीत. गडगडाटाशिवाय फगा धरत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

८ फेब्रुवारी

पहाटेच्या तिरप्या उन्हात सूर्याकडे तोंड करून चाललो. भेगाळलेला फुगवटा असाच दिसतो. सहा तास! एक चप्पल मिळाली.

वाटेत कोणी विचारलं, "सापडलं काही?" मी म्हणालो, "काही नाही." पोतं भरलेलं असलं तरी इथे हेच उत्तर देतात. त्यामुळे तीन जीपगाड्या माझ्या मागे लागल्या. मी थांबलो की त्या थांबत. बुटातली वाळू झटकायला बसलो, तिथे त्यांनी दीड हात खणलं.

१२ फेब्रुवारी

सात! पांढरे, मुठीएवढे, अबू जर्राहच्या तंबूमागे, एका रांगेत. तिथेच उभा राहून दहा मिनिटं बोललो. ऐकायला एक उंट होता.

मौदीने धुतले तर पाणी तांबडं झालं. म्हणाली, "ही माती आपल्याकडची नाही."

एवढ्यात अबू जर्राह दारात. दिवाणियात एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या गादीवर बसणारा, मितभाषी माणूस. म्हणाला, "मास्तर, माझे सात फगे तुमच्याकडे आलेत का?"

त्याने ते बाजारातून आणून पुरले होते. उद्या त्याचा सासरा येणार, चौऱ्याऐंशी वर्षांचा. "दरवर्षी पुरतो. म्हातारा काठीने उकरतो, मग रडतो. म्हणतो, जमीन मला विसरली नाही."

मी फगे परत दिले. त्याची पाठ दुखत होती, म्हणून पुरायलाही मीच गेलो. रांग मोडली. सांगितलं, निसर्ग शिस्तीत उगवत नाही. 'ही चोरी आहे' हे भाषण करून नऊ दिवस झालेत.

१४ फेब्रुवारी

अबू मुतलक आला. आवाज खाली. "मास्तर, तुमच्या तंबूच्या पूर्वेला अकरा पुरलेत. आपली माती चोळून. सकाळी काढा."

"कशासाठी?"

"तुम्ही गप्प बसलात तर माझ्याकडे येईल कोण? लोक तुमच्याशी भांडायला येतात."

मौदी आतून म्हणाली, "काढा हो. बाहेर बोलला नाहीत तर ते सगळं घरात बोलाल. माझाही विचार करा."

मी दिवसभर पूर्वेकडे पाठ करून बसलो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बकऱ्याचं मटण, भात, मनुका. तेवीस माणसं ताटांभोवती बसली. उभा राहिलो आणि म्हणालो, "फगे मिळाले नाहीत."

सगळे वाट पाहत राहिले. कोणीतरी म्हणालं, "पुढे?"

पुढे काही नव्हतं. बसलो. अबू मुतलक जेवला नाही.

१७ फेब्रुवारी

दिवाणियात गप्प. एकजण चुकीचं साल बोलला. जीभ चावली, खरोखर. रक्त आलं.

२० फेब्रुवारी

गप्प. कोणालाच सुरुवात कशी करावी कळत नाही. पाऊण तास आम्ही चहाचा आवाज ऐकला.

२४ फेब्रुवारी

अकराजण घरी आले. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं असतं, ते त्यांनी परस्पर घालून टाकलं. अबू मुतलक म्हणाला, "सुटलात मास्तर. आता बोला."

मी मान हलवली. नाही.

काल दिवाणियातल्या त्या शांततेत अबू जर्राह बोलला, हळू, मध्ये थांबत. त्याचा मुलगा जर्राह सातव्या वर्षी तापाने गेला. अबू म्हणजे बाप. जर्राहचा बाप, जर्राहचा बाप — एकोणीस वर्षं मी त्याला रोज त्या नावाने हाक मारली.