पहिल्या हाकेला

शनिवार

पोहोचलो एकदाचे. वाटेत मला मळमळलं नाही, चाक पंक्चर झालं नाही, आणि घरचा गॅस बंद केला का हे मी सुनेला फक्त दोनदाच विचारलं. ती म्हणते चारदा. असेल.

ही वही डॉक्टरांनी लिहायला सांगितली. म्हणाले, आजोबा, काळजी वाटली की ती घरच्यांच्या कानात ओतू नका, कागदावर ओता, म्हणजे निदान त्यांचा रक्तदाब तरी जागेवर राहील. माझी शाळा सहावीला सुटली आणि उरलेली हयात एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेली. दार नीट लागलं का, कुणाचा पदर, कुणाचं बोट अडकलं नाही ना, एवढंच आयुष्यभर बघितलं. त्यामुळे अशी दार नसलेली जागा पाहिली की मी आधी कडी शोधतो. पण जागा छान आहे, खोटं का बोला.

राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उंच झाडांखाली तंबूंसाठी आखलेल्या जागा आहेत. प्रत्येक कुटुंबाला जमिनीत पक्कं रोवलेलं एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि खाणं ठेवायला एक जाड लोखंडी पेटी. पेटी अस्वलांसाठी, हे कळल्यावर मी ताडकन उठलो. मुलगा म्हणाला, बाबा, इथली अस्वलंच माणसांना घाबरतात. मी म्हटलं, मग पेटीला एवढी दणकट कडी कशाला? तो तंबूचा खुंटा ठोकायला लागला.

भिंगरी खूश आहे. नात माझी, सात वर्षांची. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नाही, एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. हिला हाक मारणं म्हणजे तपश्चर्या. पहिली हाक तिला ऐकूच येत नाही. दुसरी ऐकू येते पण ती दाखवत नाही. तिसऱ्या हाकेला कुठूनतरी वैतागून येतं, काऽऽय हो! सून म्हणते, बापाच्या वळणावर गेली. मुलगा म्हणतो, दिवसात शंभर हाका मारल्यावर दुसरं काय होणार.

संध्याकाळी वनरक्षक बाईंनी सगळ्या मुलांना गोल बसवून एकेक शिट्टी दिली. वाट चुकलात तर झाडाला टेकून बसायचं, शिट्टी वाजवायची, आणि आम्ही येईपर्यंत हलायचं नाही. मोठ्यांनाही सांगितलं, जंगलाच्या बाजूला तोंड करून कुणाला नावाने हाक मारू नका, शिट्टीच वाजवा. पाखरं बिथरतात म्हणे. मी शिट्टी वाजवून पाहिली तर वरची कवळीच बाहेर आली. भिंगरी हसून हसून लोळली. शिवाय नातीला शिट्टी मारायला ती काय कुत्र्याचं पिल्लू आहे?

रविवार

आज आम्ही पिवळ्या वाटेने गेलो. ही लहान मुलांच्या कुटुंबांसाठी काढलेली सोपी वाट. झाडांवर पिवळे पट्टे रंगवले आहेत, चुकायची सोय नाही. तरी भिंगरी वळणाआड गेली की माझा जीव खालीवर. हाका मारल्या. सून म्हणाली, बाबा, त्या बाईंनी सांगितलंय ना. मी म्हटलं, पाखरं माझी नात नाहीत.

शेजारच्या जागेत चाकांवरच्या घरात एक म्हातारं जोडपं आहे. बाई विणकाम करतात, दरवर्षी येतात म्हणे. त्यांचे यजमान दिवसभर दारापाशी खुर्चीत बसलेले असतात. अगदी नीटनेटके, शर्टाची सगळी बटणं लावलेली. मी काही बोललो की मान हलवतात, हो म्हणतात. स्वभावाने गरीब दिसतात.

दुपारी बाई विणकाम ठेवून पिवळ्या वाटेच्या तोंडाशी गेल्या आणि आत बघून त्यांनी 'अहो' अशी हाक मारली. दोनदा मारली, चारदा मारली. मग लांबून, झाडांतून, पुरुषाचा दमलेला आवाज आला. आलो गं, आलो, किती घाई. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन विणायला बसल्या.

मी वळून पाहिलं तर यजमान इथेच, खुर्चीत, सफरचंद सोलत होते.

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, दीर असतील त्यांचे. दिराला कोण अहो म्हणतं? पण असेल, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी.

सोमवार

एक किरकोळ गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

सकाळी टेबलाशी बसून भिंगरीला हाक मारली. लगेच ओ आली, झाडांकडून. स्वच्छ, गोड आवाजात. मला बरं वाटलं, मी चहाचा घोट घेतला. आणि मागून कुणीतरी माझा सदरा ओढला. भिंगरी, तोंडात दात घासायचा ब्रश. विचारते, कुणाला हाक मारता आजोबा, मी इथे आहे.

मुलगा म्हणाला, प्रतिध्वनी. त्या समोरच्या कड्यावर आपटून येतो. माझ्या शिक्षणाचा उल्लेख न करता त्याने मला बराच वेळ समजावून सांगितलं. मीही मान हलवली.

पण प्रतिध्वनी असता तर माझेच शब्द परत आले असते. ओ नसती आली.

दुपारी पुन्हा मारून पाहिली. पुन्हा ओ. या वेळी जवळून.

मंगळवार

भिंगरी सापडत नाही.

लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. मुलगा आणि सून सामायिक न्हाणीघरात कपडे धुवायला गेली होती. भिंगरी नळापाशी मुलांबरोबर खेळत होती. मी टेबलाशी बटाटे सोलत होतो. मधूनमधून हाक मारत होतो, आणि प्रत्येक हाकेला ओ येत होती. म्हणून मी निवांत होतो. आयुष्यात पहिल्यांदा निवांत होतो.

सून आली आणि म्हणाली, भिंगरी कुठे? मी म्हटलं, ही काय, आत्ता ओ दिली.

नळापाशी खेळणाऱ्या एका मुलीने सांगितलं ते असं. भिंगरीने हातातला पेला खाली ठेवला, म्हणाली, आजोबा बोलावतायत, थांब हं, तिसऱ्या हाकेला जाते. आणि ती पिवळ्या वाटेने गेली.

मी टेबलाशी होतो. टेबल दुसऱ्या बाजूला आहे.

शिट्टी तंबूतच राहिली, तिच्या उशीखाली.

माणसं जमली. वनरक्षक बाईंनी सगळ्यांना ताकीद दिली, तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त शिट्ट्या. उजेड होता तोवर ओळ धरून शोधलं. मला राहवलं नाही. मी हाक मारली. ओ आली, ओढ्याकडून. माणसं तिकडे धावली. मग कड्याकडून आली. मग सगळीकडून, ओ, ओ, ओ, जशी शाळेत हजेरी चालली आहे. बाईंनी येऊन माझ्या तोंडावर हात धरला. आणि ओ थांबेपर्यंत काढला नाही.

बुधवार

आली! भिंगरी आली!

सकाळी पिवळ्या वाटेने आपल्या पायांनी चालत आली. कुठे खरचटलेलं नाही, फ्रॉकला चिखल नाही, केस विंचरल्यासारखे. सून तिला धरून रडत बसली. मुलगा रडताना मी त्याच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता. मी तिचे पाय धरले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या माणसासारखा.

फक्त वनरक्षक बाई जवळ आल्या नाहीत. लांबून म्हणाल्या, आजच्या आज घरी जा. आणि वळल्या. सून म्हणाली, काय बाई आहे, दोन शब्द गोड बोलवत नाहीत.

गुरुवार

मुलाने दोन दिवस थांबायचं ठरवलं. पोरीला विश्रांती हवी.

ती धावत नाही. टेबलाशी बसते, हात मांडीवर. जे दिलं ते खाते. सून म्हणते, भीतीने शहाणी झाली बिचारी.

मी हाक मारली. ओ, आजोबा. पहिल्याच हाकेला.

योगायोग असेल म्हणून आणखी मारल्या. न्हाणीघरामागून मारली. तोंडावर रुमाल धरून पुटपुटलो. तंबूतून ओ, आजोबा. प्रत्येक वेळी तोच सूर, वर नाही, खाली नाही.

मग नुसतं मनात म्हटलं. ओठ हलवले नाहीत.

ओ, आजोबा.

शुक्रवार

शेजारच्या बाई आज आपण होऊन आल्या. यजमानांच्या खुर्चीकडे पाठ करून बसल्या आणि अगदी हळू विचारलं, पहिल्या हाकेला ओ देते का?

मी नुसती मान हलवली.

त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून कधी पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती. पेपर वाचत बसायचे. मी ओरडून घसा कोरडा करायची. एका वर्षी इथेच हरवले, दुसऱ्या दिवशी परत आले, आणि घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर शब्द संपायच्या आत ओ. तेव्हाच कळलं. पण सांगते कुणाला? लोक म्हणाले, नशीबवान आहेस.

मी विचारलं, मग आत का गेला नाहीत? त्या म्हणाल्या, धीर झाला नाही हो. दरवर्षी येते, हाक मारते, जिवंत आहेत एवढं ऐकते, परत जाते. दरवर्षी आवाज थोडा आणखी लांबून येतो. तुम्ही जाणार असाल तर लवकर जा.

खुर्चीतून यजमानांनी विचारलं, मला बोलावलंस का गं? त्यांनी बोलावलं नव्हतं.

मी पिवळ्या वाटेच्या तोंडाशी गेलो. एक हाक. गोड ओ आली, मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसरी हाक. पुन्हा ओ, दुसरीकडून. तिसरी.

काऽऽय हो.

बारीक, घसा बसलेला, वैतागलेला, रडून थकलेला. माझी भिंगरी. आतच आहे ती.

मुलाला सांगितलं. त्याने आधी ऐकून घेतलं, मग तो ओरडला. बाबा, ती समोर बसली आहे, तिच्यासमोर असं बोलता? सून रडायला लागली. म्हणाली, यांची गोळी चुकली असेल. दोघं उद्या सकाळीच निघायचं म्हणतात.

ती समोर बसून ऐकत होती. हात मांडीवर.

गाडी गेली की भिंगरीला शोधणारं कुणी उरणार नाही. सापडलेल्या पोरीला कोण शोधतं?

शनिवार, सकाळ

ते तंबू गुंडाळत आहेत. न्हाणीघरात जातो म्हणून निघालो. पिवळ्या वाटेवर आहे. पहिलं वळण मागे पडलं.

बोलायचं नाही, बोललो की आवाज इथल्या ओ देणाऱ्यांना मिळतो. म्हणून लिहितो. तोंड गप्प राहावं म्हणून.

पिवळे पट्टे संपले. वाट आहे, पट्टे नाहीत.

इथे हाक मारावी लागेल. तीनदा. दुसरा उपाय नाही.

मारली. मारली. मारली—

काऽऽय हो. समोर. फार लांब नाही. डावीकडे, पडलेल्या झाडामागे.

इथून खाली गाडी दिसते फांद्यांतून. मुलगा हाक मारतो आहे. बाबा, चला, निघायचं. ओ द्यावी, सांगावं, थांब रे बाळा, सापडली, इथे आहे. तोंड उघडलं—

ओ गेली.

माझ्या आवाजात. मी दिलेली नाही. गाडीजवळून आली.

मुलगा म्हणतो आहे, सावकाश, बाबा, डोकं सांभाळा. कुणाला तरी हात देतो आहे. पांढरं डोकं. माझाच सदरा—

ओरडलो. मी इथे आहे म्हणून ओरडलो. माझ्या आधी चारी बाजूंनी मीच ओरडलो. इथे आहे, इथे आहे. मुलाने वर पाहिलंसुद्धा नाही. पाखरांचा आवाज वाटला असेल.

दार लागलं. नीट लागलं. गाडी—

गेली.

झाडामागे भिंगरी रडते आहे. नाक ओढते आहे, तशीच. हाक नाही मारणार आता. हात पुढे करतो.

हात लागला. लहान आहे. गार आहे पण तिचाच आहे, नखं कुरतडलेली. घट्ट धरलाय तिने. उठ बाळा. चल, आपण पट्ट्यांपर्यंत—

तिच्या मागेही कुणी रडतं आहे. तशीच नाक ओढते. तिच्या मागे आणखी एक. सगळ्यांचे हात पुढे आलेत, सगळ्यांची नखं कुरतडलेली, आणि मी जो धरला आहे तो