चिंचेने घासलेली संत

सिस्टर, शाळेत तुम्ही दिलेला बिल्ला समोर ठेवून लिहिते आहे. मुलीला काल दवाखान्यात ठेवलं. आठवा महिना, रक्तदाब उतरत नाही, दुपारी चारला सिझेरियन. मला न्यायला जावई सूसहून गाडी घेऊन निघालेत. इथे मुठ्याला पोचायला त्यांना तासभर लागेल, आणि तेवढा वेळ मला नुसतं बसवत नाही.

इतिहासाच्या तासाला तुम्ही तो रुमालातून काढताय, हे अजून दिसतं. शिसं आणि कथील मिसळून ओतलेला, जुन्या बिल्ल्याची नक्कल. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातले यात्रेकरू असे बिल्ले घेऊन संताच्या समाधीला टेकवत, टोपीला शिवून घरी आणत. घरात कुणी अडली, तर त्यात बुडवलेलं पाणी तिला पाजत. यावरची ही संत मार्गारेट, ड्रॅगनच्या पोटातून धडधाकट बाहेर आलेली, म्हणून बाळंतिणींची. शाळा सोडताना तो तुम्ही मला दिलात. मी लगेच कपाळाला लावला, तर म्हणालात, "देव नव्हे हा. कुणीतरी कुणासाठी चालत गेलं, त्याची खूण आहे."

तरी तो माझ्या देवघरात गेलाच. मी अडले तेव्हा सासूबाई तो तांब्यात टाकूनच आल्या. "तुज्या मडमेची देवी बाळंतपनाचीच हाय न्हवं? मग पी गुमान." मी प्यायले. पुढे दर सणाला पितळेच्या देवांबरोबर तिलाही चिंचेने घासत राहिले. पितळ उजळलं, तिचं तोंड गेलं. ड्रॅगनची शेपटी तेवढी बोटाला लागते.

सकाळी मुलीचा फोन आला. "आई, सिस्टरचा बिल्ला आण. नुसता हातात धरीन. आजीसारखं पाणी पाजू नकोस, शिसं असतं त्यात." हसली. तिला ही तोंड नसलेली बाई कशी देऊ, हे तुम्हाला विचारायचं होतं. मघाशी मुलीच्या सोनोग्राफीच्या कागदाला मी तो टेकवला. तुम्ही रागावला असतात.

हे कागद मी फाडणार आहे, जावयांच्या हाती लागायला नकोत. सगळे म्हणताहेत, बाळ सुखरूप येऊ दे. मीही तोंडाने तेच म्हणते. बिल्ला टेकवताना मात्र मी फक्त माझ्या मुलीला मागितलं, सिस्टर. बाळासाठी अजून काहीच मागितलेलं नाही.